पाहुण्यानें यवतमाळांत काय पाहावें?

यवतमाळ शहरांतील एखाद्या विश्रामगृहांत परगांवचा प्रवासी उतरला, त्याचें काम लवकर आटोपलें आणि हातीं दोनतीन दिवस मोकळे राहिले, म्हणजे तो साहजिकच विचारतो, “येथें पाहण्यासारखें काय आहे?” या प्रश्नास गांवकऱ्यांकडून बहुधा एकच उत्तर मिळतें : “येथें कसलें काय? माहूरला जा, नाहीं तर शेगांवला जा.” माहूर व शेगांव हीं दोन्ही क्षेत्रें थोर आहेत यांत शंका नाहीं; परंतु दोन्ही आमच्या जिल्ह्याबाहेर आहेत. आपल्या घरीं उतरलेल्या पाहुण्यास शेजाऱ्याच्या दाराकडे बोट दाखवून मोकळें व्हावें, तसाच हा प्रकार होय. म्हणून या लेखांत आम्हीं त्या प्रश्नाचें थोड्या विस्तारानें उत्तर देण्याचें योजिलें आहे.

उत्तर देतांना नुसती स्थळांची यादी देऊन भागणार नाहीं. यादी हातीं घेऊन प्रवासी चार ठिकाणीं मोटार थांबवील, चार छायाचित्रें घेईल आणि घरीं पोंचेपर्यंत नांवेंही विसरेल. स्थळें एका सूत्रांत ओंवलीं म्हणजे तीं ध्यानांत राहतात. आमच्या जिल्ह्यापुरतें तें सूत्र म्हणजे पाणी होय. आपल्याकडे दारीं आलेल्यास प्रथम पाण्याचा तांब्या व गुळाचा खडा पुढें करण्याची रीत आहे. बाकीचें आदरातिथ्य मागाहून. यवतमाळ जिल्हाही पाहुण्यास पाण्याच्या मागोमाग नेऊन दाखविला, तरच तो नीट कळतो. येथील नांवाजलेलें देऊळ कुंडाकांठीं आहे, अरण्य ओढ्यांवर जगतें, कापूस पावसावर पिकतो, आणि शहराची सर्वांत मोठी काळजी पाण्याचीच आहे.

प्रथम शहराविषयीं सांगूं. यवतमाळ हें समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पूर्वेकडील फांट्यावर वसलेलें गांव आहे. अमरावती व वर्धा हीं शेजारचीं शहरें त्याहून बरींच सखल आहेत. अकबराच्या काळीं लिहिलेल्या ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथांत वऱ्हाडच्या सुभ्यांतील या महालाचें नांव ‘योत-लोहारा’ असें दिलेलें आढळतें. ‘योत’ किंवा ‘यवत’ हें गांवाचें नांव आणि ‘महाल’ हें परगण्याच्या ठाण्याचें उपपद, या दोहोंपासून यवतमाळ हा शब्द झाला असें एक मत आहे. लोहारा हें गांव शहराच्या पश्चिमेस अजून त्याच नांवानें नांदत आहे. इंग्रजी अमलांत हा जिल्हा प्रथम वणीच्या नांवानें ओळखला जाई, इ. स. १९०५ च्या पुनर्रचनेंत त्यास यवतमाळ हें नांव मिळालें. पुढें १९५६ सालीं वऱ्हाडचा प्रांत मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्याचा भाग झाला.

जिल्ह्याचा नकाशा उघडून पाहिला तर पूर्वेच्या अंगास वर्धा आणि दक्षिणेच्या अंगास पैनगंगा, अशा दोन नद्यांनीं त्याची सीमा आंखलेली दिसते. वणी तालुक्याच्या टोकाशीं या दोन नद्यांचा संगम होतो. बेंबळा नदी वर्धेस मिळते. पूस, अरुणावती, अडाण व वाघाडी यांचें पाणी पैनगंगेकडे जातें. म्हणजे मधल्या उंचवट्यावर पडलेला पाऊस दोहों बाजूंनीं खालीं उतरून जातो. यवतमाळ शहर या उंचवट्यावरच असल्यामुळें त्यास वैशाखाच्या रात्रीं थोडा गारवा लाभतो. परंतु जवळून वाहणारी मोठी नदी मात्र लाभलेली नाहीं. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

पहिला दिवस प्रवाशानें शहरांत व त्याच्या आसपासच घालवावा. शहरांत केदारेश्वराचें प्राचीन देवालय आहे आणि लोहाऱ्यास कमलेश्वराचें हेमाडपंती देऊळ आहे. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकांत होऊन गेला. त्याच्या नांवावरून या बांधणीस हेमाडपंती म्हणण्याचा प्रघात पडला. तीं सर्व देवळें त्यानेंच बांधविलीं असा मात्र याचा अर्थ नव्हे. कित्येक त्याच्या पूर्वींचीं आहेत व कित्येक मागाहूनचीं. घडीव दगड एकमेकांत चपखल बसवून, सांध्यांत चुना न घालतां, केवळ वजनाच्या तोलावर उभी केलेली इमारत, हें त्यांचें मुख्य लक्षण होय. पाहणाऱ्यानें देवदर्शन झाल्यावर क्षणभर भिंतीजवळ जाऊन दोन दगडांमधील सांधा पाहावा. गवंड्याचें नांव कोठेंही कोरलेलें नाहीं. परंतु त्याच्या हाताची सफाई इतक्या पावसाळ्यांनंतरही तेथें वाचतां येते.

उन्हें उतरलीं म्हणजे निळोण्याच्या धरणाकडे जावें. निळोणा व चापडोह हे दोन जलाशय शहरास पाणी पुरविण्यासाठीं बांधलेले आहेत. भाद्रपद-आश्विनांत ते भरलेले असतात. भोंवतालच्या टेकड्या हिरव्या असतात. संध्याकाळीं गांवांतील मंडळी मुलांबाळांसह तेथें फिरावयास येतात. पाहुण्यास ही जागा मनोहर वाटेल. परंतु ती केवळ सहलीची जागा नव्हे, ती सबंध गांवाची घागर आहे. इ. स. २०१७ चा पावसाळा अपुरा झाला आणि २०१८ च्या उन्हाळ्यांत या दोन्ही जलाशयांनीं तळ गांठला. नळांस कित्येक दिवस पाणी आलें नाहीं. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून मोहल्ल्यामोहल्ल्यांत भांड्यांच्या रांगा लागल्या. ज्या गांवांत पाहुण्यास प्रथम पाणी द्यावयाचें, त्या गांवांत पाहुणा येणार म्हटल्यावर घरच्या गृहिणीस आधीं माठांत वांकून पाहावें लागलें. दूरच्या बेंबळा धरणावरून शहरास पाणी आणण्याच्या योजनेची निकड त्या उन्हाळ्यानें सर्वांस पटवून दिली. हा इतिहास माहीत असलेला मनुष्य निळोण्याच्या कांठावर उभा राहिला म्हणजे त्यास तें पाणी निराळें दिसतें.

त्याच उन्हाळ्यानंतर थोड्या महिन्यांनीं, जानेवारी २०१९ मध्यें, यवतमाळानें सर्व महाराष्ट्रास पाहुणे म्हणून बोलाविलें. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ९२ वें अधिवेशन येथें भरलें व त्याचें अध्यक्षपद डॉ. अरुणा ढेरे यांनीं भूषविलें. यापूर्वीं १९७३ सालींही संमेलन यवतमाळास झालें होतें. त्या वेळीं ग. दि. माडगूळकर हे अध्यक्ष होते. २०१९ च्या संमेलनाचें उद्घाटन जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्तें झालें. साहित्याच्या मांडवांत आलेल्या पाहुण्यांस आमच्या शेतांतील दुःखाची ओळख त्या दिवशीं थेट झाली. हें दुःख पाहण्याचें स्थळ नव्हे आणि तें कोणीं प्रेक्षणीय मानूंही नये. परंतु तें ठाऊक नसलेल्यास यवतमाळ पाहिलें असें म्हणतां येणार नाहीं.

त्याचें मूळ कापसांत आहे. आमची काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून तिच्यांत कापूस चांगला होतो. इ. स. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें. तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, तेव्हां वऱ्हाडच्या कापसाचा भाव एकाएकीं चढला. पुढें गांवोगांव सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने, म्हणजेच जिनिंग-प्रेसिंग, निघाले आणि गठ्ठे वाहून नेण्यासाठीं रूळही आले. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरपर्यंत सुमारे ११३ किलोमीटर धांवणारी अडीच फुटी रुळांची ती छोटी गाडी लोकांत ‘शकुंतला’ या लाडक्या नांवानें ओळखली जाई. तिची मालकी इंग्रजी कंपनीची होती. १९२१ सालीं मँचेस्टरास बनलेलें वाफेचें इंजिन तिला सत्तरांहून अधिक वर्षें ओढीत होतें. १९९४ सालीं त्याच्या जागीं डिझेलचें इंजिन आलें. आमचा कापूस मँचेस्टरला गेला व तेथून त्याला ओढणारें इंजिन आलें, एवढ्यांत त्या काळच्या व्यापाराचा सारांश येतो. आतां त्या रुळांवरून गाडी धांवत नाहीं. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या रुंद मार्गाचा वर्धा ते कळंब हा भाग मात्र फेब्रुवारी २०२४ मध्यें खुला झाला. जुन्या स्थानकाकडे जाणाऱ्या पाहुण्यानें कापसाच्या हंगामांत, मार्गशीर्ष-पौषांत, एखाद्या जिनिंगच्या आवारांतही डोकवावें. पांढऱ्या ढिगांची ती टेकडी म्हणजे कोणाच्या तरी वर्षभराच्या कष्टांचा व कर्जाचा हिशेब आहे, एवढें मनांत आणावें. येथील बहुतेक कापूस कोरडवाहू आहे. त्यास कालवा नाहीं, विहीर नाहीं, केवळ आभाळ आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कळंबास जावें. नागपूर–तुळजापूर या हमरस्त्यावर, नागपूरच्या दिशेनें यवतमाळपासून वीसबावीस किलोमीटरांवर हें गांव आहे. एस. टी. सारखी चालू असते, त्यामुळें स्वतःचें वाहन नसलेल्या प्रवाशाचीही गैरसोय होत नाहीं. आज कळंब लहान दिसतें. परंतु मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें, म्हणजे आजच्या भाषेंत एका मोठ्या विभागाचें, तें ठाणें होतें. चक्रावती नदीच्या कांठीं येथें श्रीचिंतामणीचें देऊळ आहे. विदर्भांतील अष्टविनायकांत त्याची गणना होते. बहुतेक देवळांत देवाकडे जाण्यास चढावें लागतें. येथें पायऱ्या उतराव्या लागतात, कारण गाभारा जमिनीच्या पातळीच्या बराच खालीं आहे. देवळाजवळच कुंड आहे. गौतम ऋषीच्या शापानें पीडलेल्या इंद्रानें येथें तप केलें व गणेशानें अंकुशाच्या आघातानें हें कुंड निर्माण केलें, अशी कथा सांगतात.

या देवळाविषयीं एक गोष्ट सर्व विदर्भांत प्रसिद्ध आहे. कांहीं वर्षांच्या अंतरानें, लोक म्हणतात बारा वर्षांनीं, कुंडांतील पाणी वाढूं लागतें, गाभाऱ्यांत शिरतें, मूर्तीच्या चरणांस स्पर्श करतें आणि मग ओसरतें. भाविक त्यास गंगेचें आगमन मानतात व दर्शनास गर्दी करतात. ज्यास भूगोलाची आवड आहे त्यानें आणखी एक विचार करावा. जमिनीखालीं खडकांच्या भेगांतून पाणी सांठलेलें असतें व त्याची एक पातळी असते. चांगल्या पावसानें ती वर चढते, अवर्षणांत खालीं जाते. नदीकांठच्या इतक्या खोल जागीं ती पातळी चढलेली डोळ्यांस दिसावी हें स्वाभाविक आहे. भक्त ज्यास कृपा म्हणतो त्यासच शेतकरी विहिरीस पाणी आलें म्हणतो. दोघांचाही आनंद एकच असतो. जुन्या लोकांनीं हा गाभारा इतका खालीं कां नेला हें कोणीही सांगो. परिसरांतील पाण्याची खूण सर्वांस दिसेल अशा जागीं तो आहे, एवढें खरें.

तिसऱ्या दिवसासाठीं दोन वाटा आहेत. ज्यास अरण्य प्रिय आहे त्यानें पांढरकवड्याची वाट धरावी. तें गांव आग्नेयेस सुमारे सत्तर किलोमीटरांवर, नागपूर–हैदराबाद रस्त्यावर आहे. त्याच्या जवळच टिपेश्वरचें अभयारण्य आहे. १९९७ सालीं त्यास हा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर. साग, मोह, तेंदू, पळस यांचें हें रान आहे. फाल्गुनांत पळस फुलतो तेव्हां सगळी टेकडी पेटल्यासारखी दिसते. आणि पानगळ झाल्यावर, पाणवठे मोजके उरले म्हणजे जनावरें दृष्टीस पडण्याचा संभव वाढतो. पावसाळ्यांत अभयारण्यें बहुधा बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वीं वनखात्याकडे चौकशी करावी.

टिपेश्वरांत वाघ आहेत, आणि अरण्याच्या मानानें त्यांची संख्या वाढली आहे. जागा अपुरी पडली कीं तरुण वाघ नवा मुलूख शोधावयास बाहेर पडतो. येथील एका वाघाच्या गळ्यांत शास्त्रज्ञांनीं २०१९ च्या फेब्रुवारींत संदेश देणारा पट्टा बांधला होता. जून महिन्यांत तो टिपेश्वर सोडून निघाला; शेतें, रस्ते, नदीनाले ओलांडीत, तेलंगणांतूनही फिरून, एकंदर सुमारे तीन हजार किलोमीटरांची भटकंती करून तो बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत स्थिरावला. अशी पायपीट भारतांत पूर्वीं नोंदली गेली नव्हती. हें कौतुक झालें. याच जिल्ह्यांत राळेगांव-पांढरकवड्याच्या बाजूस तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका एका वाघिणीवर आला व २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं ती गोळीस बळी पडली. ‘अवनी’ या नांवानें तिची चर्चा देशभर झाली. शहरांत तिच्यासाठीं हळहळ व्यक्त झाली आणि खेड्यांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला. दोहोंपैकीं एकच भावना खरी, असें आम्हांस वाटत नाहीं. अरण्यास लागून ज्याचें शेत आहे, ज्यास पहाटे गुरें घेऊन जावेंच लागतें, त्याची भीति आणि जीपमधून वाघ पाहणाऱ्या पाहुण्याची हौस, या दोन्ही एकाच रानांत राहतात. पाहुण्यानें दुसरीबरोबर पहिलीही समजून घ्यावी.

या भागांत गोंड व कोलाम लोकांची वस्ती आहे. कोलामांच्या पाड्यास ‘पोड’ म्हणतात. त्यांची कोलामी भाषा द्राविड कुळांतील आहे, म्हणजे तिचें नातें मराठीपेक्षां तेलुगूशीं व गोंडीशीं जवळचें. पोडावर गेलेल्या पाहुण्यानें तेथील माणसांस प्रेक्षणीय वस्तु समजूं नये. परवानगी विचारून आंत जावें, आणि कोणी पाणी पुढें केलें तर तें किती दुरून डोक्यावर आणलें असेल याचा अंदाज करून तें आदरानें घ्यावें.

पांढरकवड्याहून पुढें वणी आहे. तेथें रंगनाथस्वामींचें देऊळ आहे व मोठी जत्रा भरते. वणीच्या आसपास काळ्या दगडाखालचा निराळाच खजिना वर येतो : कोळसा व चुनखडी. ज्यास भूगर्भाची गोडी आहे त्यानें वणी व झरीच्या दरम्यान शिबला-पारडी भागांतील पाषाणस्तंभांची चौकशी करावी. २०२१ सालीं तेथें रस्त्याचें काम चालू असतांना सहा बाजूंचे, सुताराने रंधून ठेवल्यासारखे दगडी खांब उघडे पडले. ते कोणा राजानें घडविलेले नाहींत. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून तप्त शिलारस बाहेर पडला व दक्षिणेच्या पठारावर थरावर थर पसरला. तो निवतांना आक्रसला आणि आक्रसतांना त्यास नियमित भेगा पडल्या. तळें आटल्यावर चिखलास जशा बहुकोनी भेगा पडतात, तशाच या समजाव्या; फक्त या खोल जाऊन त्यांचे खांब झाले. मुंबईस अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच स्तंभांची आहे. याच काळ्या खडकाची झीज होऊन आमची कापसाची जमीन झाली. आणि याच घट्ट खडकांत पाणी भेगांपुरतेंच मुरतें, म्हणून आमच्या विहिरी उन्हाळ्यांत आटतात. ज्या दगडानें कापूस दिला त्यानेंच पाण्याची चणचण दिली.

वणी ही लोकनायक माधव श्रीहरि अणे यांची जन्मभूमि. त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा. वकिली व सार्वजनिक कार्य यवतमाळांत झालें. त्यांचें नांव घेतलें म्हणजे दुसऱ्या वाटेकडे, पुसदेकडे, वळणें सोयीचें होतें. १९३० सालीं महात्मा गांधींनीं दांडीस मीठ उचललें. आमच्याकडे समुद्र नाहीं. मग सत्याग्रह कशाचा करावा? आमच्याकडे रान होतें, आणि रानांतील गवत कापण्यासही सरकारची परवानगी लागे. १० जुलै १९३० रोजीं अण्यांनीं पुसदजवळच्या राखीव रानांत विनापरवाना गवत कापून जंगल सत्याग्रह केला व तुरुंगवास पत्करला. जेथें जें जीवनास आवश्यक, तेथें त्याच्यासाठीं लढा : किनाऱ्यावर मीठ, डोंगरावर गवत. पुसद तालुक्यांतील गहुली हें पुढें महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक यांचें जन्मगांव होय. या पट्ट्यांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. रूळ व पक्के रस्ते होण्यापूर्वीं बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर पोंचविणारे ते हेच लोक.

या वाटेनें जाणाऱ्यास नागपूर–तुळजापूर रस्त्यावर प्रथम आर्णी लागते. तेथें बाबा कंबलपोश यांचा दर्गा आहे. त्यांच्या उरुसास हिंदू व मुसलमान दोघेही जातात. त्याच रस्त्यानें उमरखेडाकडे गेलें म्हणजे पैनगंगेचें खोरें येतें. पैनगंगा अभयारण्यास तीन बाजूंनीं नदीनेंच वेढलेलें आहे. याच नदीवर, यवतमाळ व नांदेड या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, सहस्रकुंडाचा धबधबा आहे. श्रावणांत नदी दुथडी भरली म्हणजे काळ्याभोर कातळावरून असंख्य धारांनीं पाणी खालच्या घळईंत कोसळतें. जवळच्या माणसाशीं बोलावयाचें तर कानाशीं ओरडावें लागतें. उन्हाळ्यांत तेथेंच उघडा कातळ दिसतो. कातळ ओला व निसरडा असतो. धारेच्या कडेवर जाऊन छायाचित्र घेण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. नदीच्या पलीकडे, नांदेड जिल्ह्यांत, उनकेश्वरास उष्ण पाण्याचे झरे आहेत आणि माहूरास श्रीरेणुकेचें शक्तिपीठ आहे. म्हणजे गांवकऱ्यांनीं आरंभीं सांगितलेल्या माहुरास पाहुणा जाईलच. पण तो वाटेंत आमचा जिल्हा पाहून जाईल.

कोणत्या ऋतूंत यावें? पाणी पाहावयाचें असल्यास श्रावण ते आश्विन; नवरात्रांत तर शहरांतील दुर्गोत्सवाचा थाट पाहण्याजोगा असतो. कापूस पाहावयाचा असल्यास मार्गशीर्ष व पौष. अरण्य पाहावयाचें असल्यास माघ ते चैत्र. वैशाखांत यावें असें आम्ही म्हणणार नाहीं, कारण ऊन फार असतें. परंतु कामानिमित्त त्या दिवसांत कोणी आलाच, तर त्यानें विश्रामगृहांतील नळ वाहता सोडूं नये, एवढी विनंती आहे. आमच्या गांवांत ती काटकसर नव्हे, तो शिष्टाचार आहे.

विद्यार्थिमित्रहो, आतां दोन शब्द आपल्याशीं. परगांवच्या माणसानें वाट विचारली असतां “येथें कांहीं नाहीं” असें म्हणणें सोपें असतें. त्यांत नम्रता दिसते, पण वस्तुतः तें अज्ञान असतें. ज्यास आपल्या गांवीं कांहीं नाहीं असें वाटतें, तो तें जपण्याची खटपटही करीत नाहीं. देवळाचा दगड निखळतो, तलाव गाळानें भरतो, रान विरळ होतें, आणि त्याची दादही कोणास लागत नाहीं. याच्या उलट, ज्यानें पाहुण्यास एकदां निळोण्याच्या कांठीं उभें राहून २०१८ चा उन्हाळा समजावून सांगितला, तो पुढें पाणी सांडूं शकत नाहीं. ज्यानें लोहाऱ्याच्या देवळाचा सांधा बोटानें दाखविला, तो त्या भिंतीवर नांव कोरूं शकत नाहीं. दाखविणाऱ्याचें शिक्षण पाहणाऱ्यापेक्षां अधिक होतें. या सुटींत प्रत्येकानें आपल्या गांवापासून एका दिवसांत पायीं अगर सायकलीनें जाऊन येण्यासारखें एक स्थळ निवडावें. तेथील पाणी कोठून येतें व कोठें जातें हें वडीलधाऱ्यांस विचारून एका कागदावर लिहून काढावें. पुढच्या वेळीं विश्रामगृहांतील पाहुणा “येथें पाहण्यासारखें काय आहे?” असें विचारील, तेव्हां त्यास प्रथम तांब्याभर पाणी द्यावें, आणि मग तें कोठून आलें तें सांगावयास आरंभ करावा.